बावीस गुंठ्यांवरचा भराव

उघाडीची फळी चोरणारा माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल, हे मला अजून कळलेलं नाही. सोनं चोरावं, मोबाईल चोरावा, लोक मासळीची टोपली पण चोरतात, ते मी समजू शकते. पण उघाडीची फळी?

बाळकुमला खाडीच्या कडेला आमचं बावीस गुंठे खाजण आहे. चारी बाजूंनी मातीचा बांध, मध्ये पाणी, आणि खाडीकडच्या बांधाला एक दार. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला दाराची फळी वर ओढली की खाडीचं पाणी आत येतं, त्याच्यासोबत बोय, कोळंबी, चिंबोऱ्या येतात. फळी खाली टाकायची. ओहोटी लागली की तोंडाशी जाळं लावून परत फळी उचलायची. पाणी जातं, मासळी राहते. माझ्या सासऱ्याने हेच केलं, नवऱ्याने हेच केलं, तो गेल्यापासून नऊ वर्षं मी करते. मी जाईबाई, वय एकसष्ट, माजिवड्याच्या नाक्यावर टोपली घेऊन बसते. माझी मासळी बर्फातली नाही, हे सगळ्या नाक्याला माहीत आहे.

मुलगा दिपेश डोंबिवलीच्या मानपाड्याला कंपनीत आहे, सून प्राप्ती लॅबमध्ये रक्त तपासते. दोघं चांगली आहेत. मला म्हणतात, आई, आता बस घरात. घरात बसून करू काय? सोफ्यावर मालिका बघू आणि पाच वाजता सुनेला विचारू, चहा टाकू का? त्या बावीस गुंठ्यांत मी चिखलात पाय घालून उभी असते ना, तेव्हा मी कोणाची सासू नसते, कोणाची विधवा नसते. ते खाजण गेलं की माझं मीपण गेलं, एवढं साधं आहे.

तर फेब्रुवारीत एका सकाळी फळी नव्हती. सागवानी फळी, दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, वर कडी. पट्ट्यांचं भंगार झालं असेल, लाकडाचं काय केलं देव जाणे. फळी नाही म्हणजे भरतीचं पाणी वाटेल तसं आत, वाटेल तसं बाहेर, आणि जाताना बांधाची माती खरवडून नेतंय. आठवड्यात बांध दोन जागी बसला.

पूर्वी बांध बसला की सगळा गाव उतरायचा. घरटी एक माणूस, हातात फावडं, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात बांध उभा. आता आमच्या डाव्या बाजूला सत्तावीस माळ्यांचा टॉवर आहे, उजव्या बाजूला त्याचंच गार्डन. कोणाला बोलावू, वॉचमनला?

म्हणून मी राकेशला फोन केला. राकेश म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण दगडाबाई, मी तिला बाय म्हणते. आमची आई लवकर गेली, माझी वेणी बायने घातली, मला टोपली डोक्यावर घ्यायला बायने शिकवलं, माझं लग्न पण तिनेच जमवलं. तिचा राकेश म्हणजे मला दिपेशच्या आधीचा. त्याचे चार डंपर आहेत. जुन्या बिल्डिंगी पाडतात तिथला राडारोडा उचलायचा आणि कुठेतरी नेऊन टाकायचा, हा धंदा. कुठेतरी म्हणजे कुठे, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. आपलं पोरगं हिमतीवर उभं राहिलंय, चौकशा कशाला करायच्या?

राकेश आला, माझ्या हातची बोयची आंबट कढी दोनदा मागून जेवला, म्हणाला, "मावशी, दोन गाड्या लाल माती टाकतो बांधाला. तुझं टेन्शन माझं टेन्शन."

आणि टाकली. खोटं का बोलू, चांगली माती टाकली. फक्त गाडी बांधापर्यंत जायला रस्ता हवा, म्हणून त्याने कुंपण मोडून दगडविटांचा रस्ता केला, चांगला दहा फूट रुंद. त्याच्या ड्रायव्हरला पण मी जेवू घातलं. दिपेशने नवीन फळी करून आणली, मोडलेल्या कुंपणाच्या जागी लोखंडी गेट लावलं, गेटला कुलूप घातलं. माझा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांत गेट गेलं. कुलपासकट.

चौकीत हवालदाराने मला विचारलं, "कुलूप लावलेलं का?"

म्हटलं, "लावलेलं. ते पण गेलं."

"चावी आहे?"

चावी माझ्या कमरेला होती. मी काढून टेबलावर ठेवली. तो चावीकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू आवरेना. मला पण आलं हसू, काय करणार. तेव्हा हसायला येत होतं.

मग राडारोडा सुरू झाला. मी नाक्यावर असते अकरा ते दोन. त्याच वेळेत गाड्या यायच्या, भर दुपारी, रस्त्यावरून सगळं दिसतंय तरी. पहिल्या दिवशी एक ढीग, दुसऱ्या दिवशी तीन. फरशांचे तुकडे, फुटके संडास, पीओपी, वायरींची सालं, कोणाच्या तरी किचनच्या निळ्या टाइल्स, त्यावर द्राक्षांचे घोस. माझ्या पाण्यात. कोळंबीच्या पिलांवर. मी ढिगासमोर उभी राहून एवढ्या शिव्या दिल्या की टॉवरच्या गॅलरीतून एक बाई मोबाईलवर शूटिंग करायला लागली.

एका बुधवारी मी नाक्यावर गेलेच नाही. टोपली घरी ठेवली आणि तिवरांच्या आड बसून राहिले. साडेअकराला डंपर वळला, मागे येऊन माल ओतला. मी पुढे झाले तर स्टिअरिंगवर तोच ड्रायव्हर, माझ्या घरी जेवलेला. तो मला बघून खाली उतरला, अगदी नमस्कार-बिमस्कार करून म्हणाला, "मावशी, तुम्ही इकडे उन्हात?"

"मेल्या, तू काय करतोस इकडे?"

"शेठ बोलले, मावशीची जागा आहे. आपलीच आहे."

आपलीच आहे. परका असता तर मी त्याची कॉलर धरली असती. इथे कोणाला धरू? मी राकेशला सात फोन केले, त्याने एकही उचलला नाही. तेव्हा मला रडू आलं, आणि रडल्याचा राग आला, आणि त्या रागातच संध्याकाळी दिपेशला घेऊन चौकीत गेले. गाडीचा नंबर दिला, राकेशचं नाव दिलं, तक्रार लिहून दिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी डंपर उचलून चौकीच्या आवारात लावला.

त्या दुपारी बाय आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "गो बाय, रविवारी देवळात ये. काळुरामदादाने बोलवलंय."

काळुरामदादा म्हणजे आमच्या गावकीचा अध्यक्ष, पंचाहत्तरीचा माणूस. आता गाव राहिला नाही, नुसत्या बिल्डिंगी आहेत, पण गावकी आहे. गावातल्या माणसाचं गावातल्या माणसाशी काही झालं, तर आधी गावदेवीच्या देवळात यायचं. दोघांनी आपापलं सांगायचं, पंच ऐकणार, मग दोघांनी नारळावर हात ठेवून आण घ्यायची. नारळ फुटला की विषय संपला. त्यानंतर जो विषय बाहेर काढील त्याला देवी बघून घेईल. माझ्या बापाचं जाळं चुलत्याने कापलेलं, ते असंच मिटलं. दोघं मरेपर्यंत एका होडीत गेले. मी हे मानते. मला कोणी येडी म्हणा, जुनाट म्हणा, मी मानते.

दिपेशची रविवारी पण ड्युटी होती. जाताना बजावून गेला, "आई, काही कबूल करू नको." मी मान हलवली.

देवळात राकेश पांढरा शर्ट घालून आलेला. माझ्या पाया पडला. डोळ्यांत पाणी. पोरांनी परस्पर केलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणाला. काळुरामदादा म्हणाले, "जाई, आपल्या मानसाला आपण चौकीत उभा करतो का? आपल्यात असं कधी झालंय?" आणि मला खरंच लाज वाटली. गावासमोर बहिणीच्या पोराला चोर ठरवणारी मी. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि बाय जमिनीकडे.

राकेशने नारळावर हात ठेवला. "मी मावशीच्या खाजणात एक पाटी टाकणार नाही. आहे ते पावसाआधी उचलीन."

मग माझी पाळी. काळुरामदादांनी शब्द सांगितले, मी मागून म्हटले. "मी कुठल्याही सरकारी दारात राकेशचं नाव घेणार नाही. घेतलं तर माझ्या मुलाबाळांची आण." मुलाबाळांची म्हणताना माझी जीभ अडखळली, कारण प्राप्तीला तेव्हा दुसरा महिना होता. पण पंधरा माणसं थांबलेली. मी म्हटले.

नारळ फुटला. सगळ्यांना खोबरं वाटलं. मग राकेशने खिशातून टाईप केलेला कागद काढला. म्हणाला, "मावशी, तक्रार मागे घेतल्याचं चौकीत द्यावं लागतं, गाडी सोडवायला. इथे सही कर."

मी वाचलं नाही. चष्मा नाकावर होता, अक्षर मला येतं, घाई कोणालाच नव्हती. पण देवीसमोर नारळ फुटल्यावर कागद वाचत बसायचं म्हणजे देवीवर संशय घ्यायचा. आमच्यात कोणी असं करत नाही. मी सही केली आणि खोबरं खात घरी आले.

राकेशने आण पाळली. ते मात्र म्हणायला पाहिजे. त्याचा एकही डंपर परत आला नाही. आले ते दुसऱ्यांचे. आधी पिवळे होते, आता निळे, पांढरे, कोणावर साईबाबा, कोणावर कोणाचं नावच नाही. रस्ता तयार होता, गेट नव्हतं, जागा माहीत झालेली. मी दिवसभर तिथे बसायला लागले तर ते पलीकडच्या बाजूने यायला लागले. एकाने तर मला सांगितलं, "आजी, बाजूला व्हा, लागेल." धंदा बुडाला, नाक्यावरची माझी जागा दुसरीने घेतली.

मी राकेशकडे गेले. म्हणाला, "मावशी, माझी एक गाडी दाखव. नारळावर हात ठेवलाय मी."

"आणि उचलणार होतास ते?"

"तिथे चिखल झालाय ना आता. गाडी रुतेल."

पाऊस आला, अर्धा सरला. ढीग सरकत सरकत उघाडीच्या तोंडावर आले. नवीन फळी फरशांच्या खाली गेली, वर येईना. पाणी आत अडकलं ते अडकलंच, हिरवं झालं, मग काळं झालं. गणपतीच्या आदल्या दिवशी सगळी बोय पोट वर करून तरंगत होती. मी एकेक उचलून टोपलीत भरली आणि खाडीत नेऊन सोडली. मेलेली मासळी सोडून काय उपयोग, पण तिथे कुजायला ठेववेना.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तहसीलदार कचेरीतून नोटीस आली. सातबारावर माझं नाव, म्हणून माझ्या नावाने. खाजण जमिनीत बेकायदा भराव केला, तिवरांची नासधूस केली, पंधरा दिवसांत भराव काढून जमीन पूर्ववत करा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. खाली सुनावणीची तारीख. म्हणजे ज्याच्या घरात चोरी झाली त्यानेच चोरीचा माल उचलायचा. तीनशे गाड्या असतील कमीत कमी. मी काय टोपलीतून नेऊ?

दिपेश नोटीस वाचून घरभर फिरत होता. "आई, सरळ नाव सांग. राकेशने सुरू केलं, रस्ता त्याने केला, त्यालाच माहीत आहे बाकीचे कोण."

"मी आण घेतलीय."

"कोणाची?"

मी सांगितलं. तो हातातला कागद टेबलावर आपटून म्हणाला, "माझं मूल आहे, आई. मी नाही मानत. मीच तुला सांगतो, घे, मोकळी झालीस तू."

मी प्राप्तीकडे बघितलं. शिकलेली मुलगी, दिवसभर मशीनसमोर असते. माझ्या उपासतापासांना ती मनातून हसत असणार, अशी माझी समजूत. वाटलं, हिने एक शब्द टाकला तर मी सुटले. तिने पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, मला पण भीती वाटते हो."

झालं. त्या दिवसापासून मला श्वास घ्यायला पण जागा उरली नाही. नाव सांगावं तर पोटातलं पोर. न सांगावं तर खाजण जातंय आणि वर मी गुन्हेगार. चौकीत गेले तर ते म्हणाले, तुम्हीच तक्रार मागे घेतली ना. काळुरामदादांकडे गेले तर ते म्हणाले, "राकेशने आण मोडलेली नाही, जाई. उचलायचं राहिलं ते चिखलामुळे. दुसऱ्यांच्या गाड्या आपल्या गावच्या नाहीत, त्यांना मी कसा बोलवू?" आणि चहा घेऊन जा म्हणाले. मी चहा घेतला. त्यांच्या सुनेने आलं छान घातलेलं आणि मी अर्धा कप तसाच ठेवून उठले.

सुनावणीच्या चार दिवस आधी राकेश घरी आला. सोबत मिठाई. दिपेश कामावर गेलेला, हे बघूनच आला असणार. म्हणाला, "मावशी, मी तुझ्यासाठी एक पार्टी बघितलीय. जागा आहे तशी घेतील. केस पण तेच बघतील, तुला कोर्टाची पायरी चढायला नको. तू फक्त सही दे."

"खाजण घेऊन ते काय करणार?"

"आता कुठे खाजण राहिलंय, मावशी? भरलेली जागा आहे."

तो हे सहज म्हणाला, जसं काय ती आपोआप भरली. माझ्या डोक्यात तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसली. माती, दहा फुटांचा रस्ता, गेट, गाड्या. मी विचारलं, "राकेश, फळी पण तूच नेलीस का रे?"

तो हसला. "फळीचं काय घेऊन बसलीस, मावशी."

नाही म्हणाला नाही. मी मिठाईचा बॉक्स त्याच्या हातात परत दिला आणि दार लावलं. मला त्याला मारायचं होतं. लहानपणी मी त्याला अंघोळ घातलीय, पाठीवर तीळ कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि मला त्याला मारायचं होतं.

सुनावणीला दिपेश येणार होता, पण प्राप्तीला त्या सकाळी दवाखान्यात न्यायचं होतं, आठवा महिना, तारीख चुकवता येत नव्हती. मी म्हटलं, तू तिच्यासोबत जा. मी एकटी निघाले तर कोपऱ्यावर बाय उभी. इस्त्रीचं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी.

"एकटी कशी जाशील? मी येतो."

मला इतकं बरं वाटलं. पोराने काही केलं तरी बहीण ती बहीण, असं मनात आलं. रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला, कचेरीच्या जिन्यावर पण सोडला नाही. वर एका टेबलाशी तिशीतली एक मॅडम बसलेली, समोर माझी फाईल. आम्हाला दोन खुर्च्या दिल्या.

मॅडम बोलायला सभ्य होती. एक कागद माझ्यासमोर सरकवला. "आजी, ही सही तुमची?"

सही माझीच. वरचं मी आता वाचलं. सदर भराव माझ्या संमतीने व माझ्या सांगण्यावरून करण्यात आला असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी दोनदा वाचलं. नारळाचं पाणी वाळलेलं नव्हतं, तेव्हा केलेली सही.

"हे खरं आहे का?" मॅडमने विचारलं.

"सही खरी आहे. वरचं खरं नाही."

"मग भराव कोणी केला?"

डोळ्यांसमोर प्राप्तीचा पोटावरचा हात. पंखा फिरत होता, बाजूच्या टेबलावर कोणीतरी डबा उघडलेला, भेंडीचा वास. मॅडम म्हणाली, "आजी, मला काहीतरी लिहावं लागेल. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर या कागदावरून तुमच्या एकटीवर गुन्हा दाखल होणार. घाबरू नका, सांगा."

तेवढ्यात बायने माझा हात दाबला. माझ्या कानाशी तोंड आणून, अगदी हळू, म्हणाली, "सांग ना गो, मना काय म्हाईत नाय म्हणून. तेवढंच सांग."

मी तिच्याकडे वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. आणि मला कळलं, हिला सगळं माहीत आहे. आजचं नाही, पहिल्यापासून. फळी गेली तेव्हापासून असेल, देवळात जमिनीकडे बघत बसली तेव्हा तर नक्कीच. माझ्याकडून मुलाबाळांची आण घेताना हिला माहीत होतं तो कागद खिशात आहे. ही माझ्या सोबतीला आलीच नव्हती. राखणीला आलेली.

माझं लग्न मोडलं असतं, घर जळलं असतं, तरी मला एवढं लागलं नसतं. मी तिच्या हातातून माझा हात काढून घेतला.

"लिहा मॅडम. राकेश."

मॅडमने लगेच लिहिलं नाही. पेन खाली ठेवून मला म्हणाली, "आजी, नीट ऐका. तुम्हाला माहीत नाही म्हणालात, फसवून सही घेतली म्हणालात, तर तुमच्या वयाचा विचार होईल. नाव सांगितलंत तर हा सही केलेला कागद आणि ते नाव एकत्र लागेल. तुम्ही सांगितलं, त्याने टाकलं, असं दिसेल. दोघांवर गुन्हा. कोर्टात तुम्ही दोघं एका बाकावर बसणार."

"बसू दे. एकाच घरात वाढलोय, बाकावर काय."

"नक्की?"

"लिहा. बाकीच्या गाड्या कोणाच्या ते त्याला माहीत आहे, त्याला विचारा. माझं खाजण मला परत पाहिजे. मी जेलात बसून मागीन."

तिने लिहायला घेतलं. राकेशचं पूर्ण नाव, पत्ता. मी सगळं सांगितलं. प्रत्येक शब्दाला मला प्राप्तीची भीती आठवत होती आणि प्रत्येक शब्दाला मी देवीला म्हणत होते, जे काय करायचं ते मला कर, त्यांच्याकडे बघू नको.

"त्यांचं तुमचं नातं काय?"

"भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा."

"बहिणीचं नाव?"

"दगडाबाई. ही काय, बाजूला बसलीय."

मॅडमचं पेन थांबलं. ती बायकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. बाय उठली. तिने पदर सारखा केला, वाकून माझ्या तोंडाजवळ आली, मला वाटलं रडेल, किंवा मारेल. ती शांतपणे म्हणाली, "सुनेच्या बाळंतपणाची वाट बघ आता. कायपण झालं तर माझ्या दारान येऊ नको." आणि गेली. जिन्यावर तिची पावलं मला बराच वेळ ऐकू आली.

मॅडम घाबरलेली. "त्या काय म्हणाल्या?"

म्हटलं, "ते घरचं आहे, ते लिहू नका. पुढचं विचारा."